पेशंटपाशी थांबणाऱ्याचे हात : दवाखान्यात नवा संसर्ग लागू नये म्हणून

मराठवाड्यात पेशंट एकटा ॲडमिट होत नाही. छत्रपती संभाजीनगरची घाटी असो, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय असो की नांदेडचं विष्णुपुरी, गेवराई-जिंतूरहून येणाऱ्या पेशंटबरोबर सतरंजी, डबा, पाण्याची कॅन आणि घरचं निदान एक माणूस असतंच. पेशंटला कुशीवर वळवणं, भरवणं, बेडपॅन देणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, औषधं आणणं, यातलं बरंच काम तो माणूस करतो. दवाखान्यातल्या संसर्गाबद्दल बोलताना सहसा डॉक्टर आणि सिस्टर यांच्या हातांची चर्चा होते. आपल्याकडे वॉर्डातले निम्मे हात नातेवाइकांचे असतात. म्हणून यातलं बरंचसं पेशंटइतकंच त्याच्यापाशी थांबणाऱ्यासाठी आहे.

दवाखान्यातले जंतू औषधांना मुरलेले असतात. बाहेर साध्या गोळीने जाणारा लघवीचा संसर्ग वॉर्डात लागला तर महागड्या इंजेक्शनांवर जातो. हे जंतू भिंतीवरून उडी मारून येत नाहीत. बहुतेक वेळा ते हातावरून येतात, नाहीतर शरीरात घातलेल्या नळीच्या वाटेने आत शिरतात. या दोन वाटा राखल्या की बराच धोका कमी होतो.

हात कधी आणि कसे धुवायचे

व्हिएन्नातल्या सेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७ मध्ये शवविच्छेदन करून बाळंतिणींकडे येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. जंतूंमुळे रोग पसरतो हे तेव्हा मानलं जात नव्हतं. आज ते ठाऊक आहे, तरी वॉर्डात नेमके तेच हात धुवायचे राहतात.

या वेळा चुकवू नका: पेशंटला हात लावण्याआधी, भरवण्याआधी, जखमेजवळ किंवा नळीजवळ जाण्याआधी, बेडपॅन किंवा लघवीची पिशवी हाताळल्यावर, आणि वॉर्डाबाहेर जाताना. शौचाहून आल्यावर तर धुवायचेच. पेशंटनेही जेवणाआधी हात धुवावेत. उठता येत नसेल तर ओल्या स्वच्छ फडक्याने पुसण्याऐवजी सॅनिटायझर चोळून द्या.

सॅनिटायझर ६० ते ८० टक्के अल्कोहोलचा घ्या. टक्केवारी बाटलीवर छापलेली असते. तळहातावर भरेल इतका, साधारण ३ मिली घ्या. दोन थेंबांत काही होत नाही. तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या मधली जागा, अंगठे आणि नखांची टोकं असं २० ते ३० सेकंद, हात वाळेपर्यंत चोळा. अंगठा आणि नखं हमखास राहतात. ओले हात पदराला पुसले तर सगळी मेहनत वाया गेली.

हातावर रक्त, शी, थुंकी किंवा माती दिसत असेल तर सॅनिटायझर चालत नाही, साबण-पाणीच हवं. पेशंटला जुलाब होत असतील तरीही साबणच वापरा, कारण जुलाब करणारे काही जंतू अल्कोहोलला दाद देत नाहीत. साबणाने धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात.

आता पाण्याचं. एप्रिल-मे महिन्यात टँकरवर चालणाऱ्या गावातून आलेल्या माणसाला नळ सोडून हात धुणं जिवावर येतं, आणि ते बरोबरच आहे. हात ओले करून नळ बंद करा, साबण पूर्ण चोळा, मग धुवा. दोन तांब्यांत काम होतं. नळाला पाणी नसेल तर दुसऱ्याने वरून ओतायचं. बादलीत हात बुडवून धुवू नका, कारण पहिल्याच्या हातावरचं सगळं दुसऱ्याला मिळतं. मगाची मूठही तशीच, सगळ्यांच्या हाताखालून गेलेली. छोटी साबणवडी, भोकं असलेली साबणदाणी आणि सॅनिटायझरची १०० मिलीची बाटली घरूनच आणा. बाटली पेशंटच्या लॉकरवर, डोळ्यासमोर ठेवा. पिशवीत गेली की ती तिथेच राहते. नखं कापलेली हवीत, अंगठ्या काढलेल्या हव्यात. मोबाइलही हातच समजा, तो दिवसातून एकदा अल्कोहोलने पुसा.

तंबाखू मळणाऱ्यांसाठी वेगळं सांगावं लागतं. तळहातावर चुना-तंबाखू मळून, बोटाने दाढेत सारून, त्याच हाताने ड्रेसिंग नीट करणारे दर वॉर्डात दोन-चार तरी असतात. तोंडातले जंतू थेट जखमेवर. थांबणाऱ्याला सुटत नसेल तर निदान मळल्यानंतर हात धुतल्याशिवाय आत येऊ नये.

शेजारधर्म पाळताना

आपल्याकडे शेजारच्या पलंगावरच्या आजीला उठवून बसवणं, तिची युरिन बॅग रिकामी करणं, तिला दोन घास भरवणं ही माणुसकी समजली जाते, आणि ती आहेच. पण वॉर्डात एका पेशंटचे जंतू दुसऱ्याकडे जाण्याचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे. मदत करा, फक्त दोन पेशंटांच्या मध्ये हात धुवा. लघवीचं भांडं, स्पंज, टॉवेल, कंगवा, पाण्याचा पेला यांची देवाणघेवाण मात्र नको. भांड्यावर पलंगाचा नंबर लिहून ठेवा.

ग्लोव्हजमुळेही फसगत होते. हातमोजे घातले की हात स्वच्छ आहेत असं सगळ्यांना वाटतं. तेच मोजे घालून चार पलंग फिरलं तर ते उघड्या, न धुतलेल्या हातांइतकेच घाण. मोजा एका पेशंटसाठी, एका कामासाठी. काढल्यावरही हात धुवायचे.

डॉक्टर-सिस्टरांना हात धुवायला सांगायचं कसं, हा अवघड प्रश्न आहे. चाळीस पेशंट सांभाळणाऱ्या सिस्टरला टोकलं तर राग येऊ शकतो. सरळ आरोपासारखं बोलू नका. त्यांच्या येण्याआधी बाटली पुढे करून "सिस्टर, सॅनिटायझर घ्या" एवढं म्हटलं तरी पुरतं. ड्रेसिंगच्या वेळी "डॉक्टरसाहेब, नवीन मोजे आणून देऊ का?" असं विचारलं तर कोणी नाराज होत नाही.

नळ्या आणि सुया

शरीरात घातलेली प्रत्येक नळी म्हणजे जंतूंसाठी उघडं दार. रोज सकाळी राउंडला एक प्रश्न विचारायचा: "डॉक्टरसाहेब, ही नळी अजून लागते का?" सलाइन बंद होऊन दोन दिवस झाले तरी सुई हातात राहून गेलेली असते, कारण कोणाच्या लक्षात आलेलं नसतं.

हातातली सुई, जिला सगळे इंट्राकॅथ म्हणतात, ती कधी घातली ती तारीख-वेळ टेपवर लिहायला सांगा. दिवसातून दोन-तीनदा बघा. लाली, सूज, ठणका, शिरेच्या वाटेने कडक दोरीसारखी रेघ, टेपखाली ओल, पाणी बाहेर झिरपणं, यातलं काहीही दिसलं की लगेच सिस्टरला सांगा. सुई काढून दुसऱ्या हाताला घालतील. "एवढी सलाइन संपू दे" म्हणून थांबू नका, सुजलेल्या शिरेतून जंतू रक्तात जातात. औषध देण्याआधी इंट्राकॅथचं तोंड स्पिरिटच्या कापसाने १५ सेकंद घासून, वाळू देऊन मग सिरिंज लावायची असते. वाळेपर्यंत थांबणंही त्यातच आलं.

सलाइनच्या बाबतीत दोन गोष्टी खूप दिसतात. एक, बाटली नीट उतरत नाही म्हणून हवा जावी यासाठी वरून सुई टोचून ठेवतात. त्या सुईच्या वाटेने वॉर्डातली हवा आणि तिच्यातले जंतू थेट आत जातात. मऊ पिशवी किंवा आपोआप आक्रसणारी बाटली असेल तर हवेची गरजच नसते. ज्यांना लागते त्यांच्यासाठी सेटमध्येच गाळणी असलेलं छिद्र असतं. दोन, सलाइन संपली की नातेवाईक स्वतःच नळी काढून ठेवतात, टोक गादीवर पडतं, आणि नवी बाटली आली की तेच टोक जोडतात. नळी जोडणं-तोडणं तुमचं काम नाही. संपत आली की दहा मिनिटं आधी हाक मारा. मनगटाला गंडा-दोरा बांधलेला असेल तर तो दुसऱ्या हाताला बांधा. घाम आणि अंगाऱ्याने भिजलेला दोरा सुईला खेटून असणं बरं नाही.

इंजेक्शन देताना सुई आणि सिरिंज दोन्ही नवी, तुमच्यासमोर पाकीट फाडून काढलेली असायला हवी. नुसती सुई बदलून सिरिंज तीच वापरणं चालत नाही. पूर्वीच्या पेशंटचं रक्त सिरिंजमध्येही येऊ शकतं, आणि त्यातून हिपॅटायटिस बी-सी, एचआयव्ही पसरतात.

लघवीची नळी जितके दिवस राहील तितका धोका वाढत जातो. रोज साधारण ३ ते ७ टक्क्यांनी लघवीत जंतू शिरण्याची शक्यता वाढते. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकणार नाही अशी, पलंगाच्या कडेला टांगलेली हवी. स्ट्रेचरवरून एक्स-रेला नेताना ती पेशंटच्या पोटावर ठेवायची सवय आहे. त्याने पिशवीतली जुनी लघवी उलटी मूत्राशयात जाते. नेण्याआधी पिशवी रिकामी करा आणि बाजूला खाली धरा. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करायची. आधी हात धुवायचे, पिशवीची तोटी भांड्याला टेकू द्यायची नाही, नंतर तोटी घट्ट लावून पुन्हा हात धुवायचे. नळी आणि पिशवी जिथे जोडली आहे तो सांधा उघडू नका. रोज आंघोळीच्या वेळी किंवा स्पंज करताना नळीभोवतीची जागा साबण-पाण्याने धुवा. पावडर, तेल, मलम काही नको.

ऑपरेशन ठरलं असेल तर

आदल्या रात्री आणि सकाळी साबणाने अंघोळ करा. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचं द्रावण दिलं असेल तर त्याने. ऑपरेशनच्या जागेचे केस घरी ब्लेडने काढू नका. ब्लेडने कातडीवर न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात आणि रात्रभरात तिथे जंतू वाढतात. केस काढायचेच असतील तर दवाखान्यात, ऑपरेशनच्या दिवशी, मशीनने. न्हाव्याला बोलावून गुळगुळीत करून येणाऱ्यांची जखम जास्त बिघडते, हे अनेकांना पटत नाही.

शुगर असेल तर ती आधीच आटोक्यात आणा. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर १८० च्या आत राहावी, अशी डॉक्टरांची धडपड असते. गोड चहाचे पेले भेटायला येणाऱ्यांसोबत वाढत जातात, तिकडे लक्ष द्या. विडी-सिगारेट चार आठवडे आधी थांबवली तर जखम भरायला फरक पडतो. गुटखा-तंबाखूतलं निकोटिनही रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे "मी ओढत नाही, फक्त खातो" यात सुटका नाही.

चीर देण्याआधीच्या तासाभरात अँटिबायोटिक दिलं की त्याचा खरा फायदा होतो. त्यामुळे कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती ऑपरेशन थिएटरच्या दारात नको, आदल्या दिवशीच सांगा.

ऑपरेशननंतर पट्टी पहिले २४ ते ४८ तास कोणी उघडायची नसते. उत्सुकतेने टोक उचलून बघणं नको, हळद भरणं तर अजिबात नको. घरच्या हळदीत पोत्यातले, जात्यातले, मातीतले जंतू असतात. गोवरीची राख, अंगारा, भंडारा यांचंही तेच, शिवाय त्यात धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात. अंगारा देवघरात राहू द्या, कपाळाला लावा, जखमेला लावू नका. उन्हाळ्यात वॉर्डात घाम येतो. घामाने पट्टी भिजली की ती जंतूंना घर होते, म्हणून ओली दिसताच बदलून मागा.

छाती, तोंड, पाठ

पडून राहिलेल्या पेशंटला न्यूमोनिया होतो, कारण खोल श्वास जात नाही आणि तोंडातली लाळ श्वासनळीत उतरते. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचलून ठेवा. पलंगाला हँडल नसेल तर उशा आणि सतरंजीची गुंडाळी लावा, पण मान वाकडी नको, पाठीपासून उतार हवा. नाकातून नळीने अन्न देताना आणि नंतर अर्धा-एक तास आडवं करू नका. दात किंवा कवळी दिवसातून दोनदा स्वच्छ करा. मिसरी नको.

श्वासाच्या व्यायामाचं, नळ्यांत तीन हलके गोळे असलेलं यंत्र दिलं असेल तर त्यात फुंकर मारायची नसते, श्वास आत ओढायचा असतो. बरेच लोक फुंकत बसतात आणि गोळे उडत नाहीत म्हणून यंत्र बिघडलंय समजतात. सावकाश ओढून तीन ते पाच सेकंद धरा, मग सोडा. जागेपणी दर तासाला दहा वेळा. डॉक्टरांनी परवानगी दिली की पेशंटला चालवा. "अजून अशक्त आहे, झोपू द्या" ही माया महाग पडते. उठताच येत नसेल तर दर दोन तासांनी कूस बदला, टाचा आणि माकडहाड बघा. कातडी लाल होऊन दाबल्यावरही पांढरी पडत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे.

खोकणाऱ्या शेजाऱ्याला मास्क द्या, खिडक्या उघड्या ठेवा. टीबीचे जंतू कोंदट हवेत तरंगत राहतात. रुमाल किंवा उपरणं बांधून ते थांबत नाहीत, टीबीच्या पेशंटजवळ बसायचं असेल तर एन-९५ लागतो. कूलर असेल तर त्याचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून कोरडा करायला सांगा.

डबा आणि भेटायला येणारे

मे महिन्यात सकाळी गावाहून निघालेला वरण-भाताचा डबा दुपारी बाराला पेशंटला देऊ नका. उन्हाळ्यात शिजवलेलं ओलं अन्न तासाभराच्या वर बाहेर राहू नये. भाकरी, चटणी, लाह्या, भाजलेले शेंगदाणे टिकतात. वरण, भात, दूध, ताक दवाखान्याजवळच ताजं मिळेल असं बघा. जालना-पैठणकडची मोसंबी आणली तर धुऊन, हात धुऊन, पेशंटसमोर सोला. गाड्यावरचा रस आणि बर्फ नको. पाणी खळखळ उकळून थंड केलेलं द्या. कॅनमध्ये पेला बुडवू नका, तिला तोटी लावा.

आपल्याकडे बघायला गेलं नाही तर वर्षभर ऐकावं लागतं, हे खरं. तरी एका वेळी दोन माणसं, थोडाच वेळ. पलंगावर बसू नका, बूट किंवा पिशवी गादीवर ठेवू नका. सर्दी, ताप, जुलाब, अंगावर पुरळ असेल तर येऊच नका, फोन करा. लहान लेकरांना आणू नका. येणाऱ्यांना आल्यावर आणि जाताना हात चोळायला लावा. हे काम घरातल्या मोठ्या माणसाकडे द्या, सुनेने सांगितलं तर ऐकत नाहीत.

बाळंतिणीच्या वॉर्डात हे सगळं दुप्पट लागू. बाळ सगळ्यांच्या मांडीवर फिरवायचं नाही. ज्याला घ्यायचंय त्याने आधी हात धुवायचे. नाळेला काही लावू नका, ती कोरडी आणि उघडी राहू द्या. शेण, तेल, हळद, पावडर सगळं बंद. डोळ्यात काजळ नको. मध चाटवू नका, गुटी नको. चीक पहिल्या तासातच पाजा, बाळाला संसर्गाशी लढायला तोच लागतो.

अँटिबायोटिक आणि कचरा

गावच्या डॉक्टरने दिलेल्या पुडीतल्या गोळ्या पेशंटने घेतल्या असतील तर दाखल होतानाच सांगा, पाकीट असेल तर आणा. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं औषध आहे. रक्ताची किंवा पूची कल्चर तपासणी अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घेतली तर नेमका जंतू सापडतो. अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. त्यानंतर औषध बदललं तर "आधीचं चुकलं होतं का" असा संशय घेऊ नका, नेम धरून बदललेलं असतं. "चांगलं भारी इंजेक्शन लिहा" असा आग्रह तर नकोच.

सुया पांढऱ्या कडक डब्यात, नळ्या-सिरिंज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस आणि पट्ट्या पिवळ्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. जेवणाचं उरलेलं या कशातही टाकू नका, साध्या कचऱ्यात टाका. जमिनीवर सुई पडलेली दिसली तर हाताने उचलू नका, वॉर्डातल्या मामा-मावशींना (सफाई कर्मचाऱ्यांना) बोलवा.

घरी गेल्यावर

ऑपरेशनच्या जखमेतला संसर्ग ३० दिवसांपर्यंत दिसू शकतो. सांध्यात किंवा हाडात प्लेट-रॉड घातला असेल तर ९० दिवसांपर्यंत. टाके सुकले म्हणून लक्ष सोडू नका. पसरणारी लाली, वाढता ठणका, पू, वास, टाका उसवणं किंवा १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला तर ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथेच जा. पेशंट असंबद्ध बोलू लागला, धाप लागली, लघवी अगदी कमी झाली, हातपाय गार पडले तर सकाळची एसटी बघू नका, १०८ ला फोन करा. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि कल्चरचा अहवाल एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. गावात रात्री कोणी इंजेक्शन देण्याआधी ती पिशवी त्यांच्या हातात द्या.